चार पूर्णांक काहीतरी

आरशात बघून "छान झालाय" म्हणाले,
वर पन्नास रुपये जास्त ठेवले,
आणि करावे गावाच्या गल्लीतून बाहेर
उन्हात आले तेव्हा
औषधाच्या दुकानाच्या काचेत
एक बाई दिसली, डोक्यावर वांगं.

वांगंच. भरताचं, मोठं, चकचकीत.
मागितली होती कॉफी,
तीही दूध घालायच्या आधीची,
केसांचे झुपके चिकटवलेल्या त्या पुठ्ठ्यावर
बोट ठेवून सांगितलं होतं,
चार पूर्णांक काहीतरी.
चष्मा पर्समध्ये होता.

घरी यांनी पाहिलं, थबकले,
"पडदे बदललेस का?" म्हणाले.
ओक वहिनी मात्र लिफ्टमध्ये
सातव्या मजल्यापर्यंत
माझ्या भांगाशी बोलत राहिल्या.

तीन दिवस वाक्य शिजवत होते.
"रंग चांगलाच आहे, पण..."
पण आला की चांगला मेला.
"माझ्या वयाला जरा..."
वयाला कशाला मध्ये आणायचं, ते काय पैसे देणार आहे?
"सूनबाई म्हणाली की..."
मला सून नाही.
"माझंच चुकलं असेल."
हे तर मी बोलायला शिकले तेव्हाचं पहिलं वाक्य.

आई म्हणायची, भीड भिकेची बहीण.
म्हणायची, आणि शेजारणीने करपलेला साखरभात दिला
तर वाटी धुऊन, शंकरपाळ्यांनी भरून परत पाठवायची.
मी तिचीच.
काखेत काचणारा हिरवा ब्लाउज
शिंप्याला वाईट वाटेल म्हणून नऊ वर्षं घातला.
त्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत
माझे हात अंगापासून चार बोटं लांब.

चौथ्या दिवशी गेले. दुपारी, गिऱ्हाईक नसताना.
हर्षिका तांडेल स्टुलावर बसून डबा खात होती,
तांदळाची भाकरी, सुकट.
"हर्षिका," म्हटलं, "तू मन लावून केलंस, ते मी पाहिलं.
कानाला डाग पडू नये म्हणून व्हॅसलीन लावलंस,
मानेखालची टॉवेलची घडी दोनदा बदललीस.
पण हा रंग मी मागितलेला नाही.
आणि मला तो आवडला नाही."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं.
आपलं आपण आलं, चपला न घालता.

तिच्या हातात घास तसाच.
"काकू, मला त्याच दिवशी कळलं होतं.
धुताना पाणीच जांभळं उतरलं.
तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून
ड्रायर किती हळू फिरवला मी.
तुम्ही छान म्हणालात. वर पन्नास रुपये.
रात्रभर झोप नाही मला."
ड्रॉवर ओढून तिने ती नोट काढली.
गल्ल्यात मिसळली नव्हती,
केसांच्या क्लिपेत अडकवून वेगळी ठेवली होती.

आणि मला वाटत होतं, मी तिचं मन राखलं.

हात धुऊन आली. म्हणाली,
"कॉफी एकदम नाही यायची.
आधी हा उतरवावा लागेल, केस थोडे कोरडे होतील.
आज निम्मं, पंधरा दिवसांनी निम्मं."
चष्मा लावून पुठ्ठा बघितला मी.
कॉफीला खेटूनच वांगी.
बोट माझं सरकलं होतं की नजर तिची,
दोघींनीही विचारलं नाही.

मान मागे, बेसिनच्या गार कडेवर.
भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर,
खाडीतले फ्लेमिंगो एका पायावर उभे.
त्यांना तरी कुणी विचारलं होतं, कुठला हवा?
नळ सुरू झाला.
"काकू, पाणी गरम लागतंय का?"

पन्नास वर्षं या प्रश्नाला
माझं एकच उत्तर होतं.

"हो," म्हटलं. "जरा."